रांगतं मूल आणि घरातली वीज, लाकूड, काच : अनुभव धागा

'वस्तू उचलून वर ठेवा' हे सगळेच सांगतात. पण कपाट, टीव्ही, स्विचबोर्ड, इन्व्हर्टर, कूलर वर ठेवता येत नाहीत. साधारण आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी यांचं काय करायचं, ते इथे लिहा. हे काम स्वतः केलेल्यांनी किंवा इतरांना करून देणाऱ्यांनी लिहिलं तर उत्तम. पिल्लांच्या करामती दुसऱ्या धाग्यावर. इथे माप, सामान, पद्धत, आणि काय फसतं व का फसतं एवढंच. (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

फेज-न्यूट्रल

सॉकेटच्या टोप्या मागवण्याआधी डीबीचं, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य डब्याचं, झाकण उघडून बघा. आत नुसत्या एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारे स्विच) असतील तर टोप्यांचे पैसे आधी आरसीसीबीत (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये) घाला. बाजारात तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी पडायला १६ च्या वर करंट जावा लागतो, आणि अंगातून जाणारे ३० मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीतही नसतात. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघते, फरक दिसला की तोडते. सिंगल फेजला दोन पोलची, थ्री फेजला चार पोलची. अंगावर ३० एमए लिहिलेलं बघूनच घ्या. १०० किंवा ३०० एमएवाली आगीपासून बचावासाठी असते, माणसाला तिचा भरवसा नाही.

जुन्या घरात ती बसवली की वारंवार पडते आणि मग वायरमन काढून टाकायला सांगतो. काढू नका. बहुतेक वेळा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात: एका खोलीचा फेज आरसीसीबीतून जातो, न्यूट्रल भलत्याच वाटेने परततो. न्यूट्रल वेगळे केले की त्रास थांबतो. त्यानंतरही पडत असेल तर गीझरचं एलिमेंट, फ्रिज, वॉशिंग मशिन एकेक काढून बघा. ज्याचा प्लग काढल्यावर ती टिकते, त्यात लीकेज आहे.

इन्व्हर्टरवाल्यांनी एक तपासावं. आरसीसीबी मेनलाच असेल आणि इन्व्हर्टरची लाइन तिच्या पुढून वेगळी निघत असेल, तर लाइट गेल्यावर त्या लाइनवरचे पॉइंट चालू राहतात आणि पाठीशी राखण कोणाची नसते. त्या लाइनवर वेगळी आरसीसीबी लावून घ्या. आरसीसीबीवरचं 'टी' (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती शोभेची आहे, बदला.

आणि हे सगळं असूनही मुलाने एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि करंट जमिनीत गेलाच नाही, तर आरसीसीबीला कळत नाही. म्हणून उघडी वायर, फुटलेलं सॉकेट, टेप गुंडाळलेला जॉइंट याला माफी नाही.

तीनपिनी

टोप्यांबद्दल. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याचशा टोप्या परदेशी दोन भोकांच्या सॉकेटच्या मापाच्या असतात. आपल्या पाच भोकांच्या ६ अँपिअरमध्ये त्या सैल बसतात आणि सहा भोकांच्या ६/१६ मध्ये बसतच नाहीत. त्यातही गंमत अशी की शटरवाल्या सॉकेटमध्ये वरची जाड अर्थिंगची पिन आत गेली की खालच्या दोन भोकांचे पडदे उघडतात. म्हणजे टोपीची जाड पिन पडदा उघडून ठेवते, आणि टोपी तुटून पिन आतच राहिली तर ते सॉकेट पूर्वीपेक्षा वाईट. शटर धड असेल तर टोपी नकोच.

शटर आहे की नाही हे टॉर्च मारून दिसतं. भोकात पांढरा किंवा काळा पडदा दिसला तर आहे, पितळ चमकलं तर नाही. खालच्या ओळीतली तेवढी सॉकेट बदलून घ्या. मॉड्युलर प्लेटला पाठीमागचा डबा तोच राहतो, भिंत फोडावी लागत नाही.

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नये. टेबलाच्या फळीला खालच्या अंगाने दोन स्क्रूवर उलटा टांगला की सॉकेट दिसत नाहीत, वायरही लोंबत नाही. मोबाइलचा चार्जर सॉकेटला आणि दुसरं टोक गादीवर, ही सवय मोडा. पाचच व्होल्ट असतात हे खरं, पण ओल्या तोंडात ते टोक धरून ठेवलं तर ओठ-जीभ भाजू शकते.

रंधा

सुतारकामाच्या बाजूने. मूल कपाट ढकलून पाडत नाही, ते ड्रॉवर उघडून पायऱ्या करतं. तीन ड्रॉवर बाहेर आले की सगळा भार पुढच्या पायांच्याही पुढे जातो आणि त्यावर दहा-बारा किलोचं मूल उभं राहिलं की चेस्ट (ड्रॉवरचं कपाट) पालथं पडतं. वर टीव्ही ठेवलेला असेल तर आधी तो येतो.

विटेच्या भिंतीत ८ मि.मी.चं ड्रिल, ८ ची प्लॅस्टिक गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी नळी), ५ जाडीचा ५० मि.मी. स्क्रू, आणि लोखंडी एल अँगल. प्लास्टर दीड-दोन सें.मी. असतं, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत जायला हवी. भुगा लाल आला की वीट लागली समजा. पांढरा-राखाडीच येत राहिला तर बहुधा सांध्यात आहात, दोन इंच बाजूला सरका. भोकातला भुगा फुंकून काढला नाही तर गिट्टी अर्ध्यातच अडते आणि लोक हातोडीने ठोकून तिचा चुरा करतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या भिंतीवर नळाच्या रेषेत ड्रिल मारू नका.

नव्या इमारतींत भिंत बऱ्याचदा सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, असते. भुगा पिठासारखा पांढरा, ड्रिल लोण्यात गेल्यागत जातं. साधी गिट्टी तिथे आठ-पंधरा दिवसांत फिरायला लागते. त्या ब्लॉकसाठी लांब, पंखवाल्या गिट्ट्या वेगळ्या मिळतात. त्या किंवा केमिकल अँकर (भोकात गोंदासारखं रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा, आणि ड्रिल हॅमर मोडवर न ठेवता नुसतं फिरवा.

आता कपाटाची बाजू. मागची शीट ३ ते ६ मि.मी. असते, तिला अँगल मारून उपयोग नाही, शीटच सुटून येईल. वरच्या १८ मि.मी. फळीला किंवा उभ्या पाटीला १६ मि.मी. लांबीचा स्क्रू घ्या. २० चा घेतला तर पलीकडून टोक निघतं आणि तेच मुलाच्या हाताला लागतं. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून अर्धा इंच पुढे असतं. त्या फटीत तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी भरून मग अँगल घट्ट करा, नाहीतर तो वाकतो.

लोखंडी कपाटालाही हेच. त्याची जास्तीची खोड म्हणजे मागचे पाय विटेवर आणि पुढचे फरशीवर. दार उघडलं की ते पुढे झुकतं. चारही पाय एका पातळीत आणा, किंचित मागे कललेलं चालेल. गाद्या-पुस्तकं खालच्या कप्प्यात, वरती हलकं.

ड्रायवॉलवाला

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी पुस्ती. इथे भिंत अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलची (जिप्समच्या पाटाची), आत १६ इंचांवर लाकडी स्टड, म्हणजे उभे दांडे. स्क्रू स्टडमध्येच हवा, अडीच इंची. ड्रायवॉलमधला प्लॅस्टिक अँकर झटक्याला धरत नाही. फर्निचरबरोबर येणारे प्लॅस्टिकचे पट्टे काही वर्षांत ठिसूळ होतात, त्याजागी धातूची तार किंवा अँगल घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये कपाटं पालथी पडू नयेत म्हणून 'स्टर्डी' कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ नंतर बनलेल्या, २७ इंच किंवा त्याहून उंच कपड्यांच्या कपाटांना ६० पौंड म्हणजे सुमारे २७ किलोच्या भाराची चाचणी बंधनकारक झाली. गॅरेज सेलमधून आणलेलं चेस्ट बहुधा त्याआधीचं असतं, ते बांधाच.

रिमोट कंट्रोल

टीव्ही टेबलावरच ठेवायचा असेल तर पाठीमागे ब्रॅकेटसाठी चार भोकं असतात, त्यातल्या वरच्या दोनांना पट्टे बांधून भिंतीत घ्या. भोकांचं आणि स्क्रूचं माप मॅन्युअलमध्ये असतं. लांब स्क्रू घातला तर आत पॅनेलला लागतो. सेटटॉप बॉक्सची वायर समोरून लोंबू देऊ नका, टीव्ही ओढला जातो तो तिच्यामुळेच.

बालरोग वॉर्ड

माझ्या मते सॉकेटपेक्षा जास्त धास्ती बटण सेलची बाळगावी. त्यातही २० मि.मी. रुंदीचा ३ व्होल्टचा लिथियम सेल, सीआर २०३२. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो. आतला रस बाहेर येऊन भाजतं असा समज आहे, पण खरं नुकसान विजेने होतं. ओल्या ऊतीतून करंट वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. 'संपलेला' म्हणून काढलेल्या सेलमध्येही तेवढी ताकद शिल्लक असते.

कुठे असतो: गाडीची किल्ली, पंख्याचा आणि एसीचा छोटा रिमोट, वजनकाटा, गाणारं भेटकार्ड. आणि आपल्या सणांत: दिवाळीच्या एलईडी पणत्या, गणपतीच्या मखरातल्या बारीक तारेच्या माळा, लुकलुकणाऱ्या राख्या. या वस्तूंना स्क्रूचं झाकण क्वचितच असतं, नुसती सरकती पट्टी. सण संपला की सेल काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून टाका. स्क्रू नसलेल्या रिमोटला झाकणावरून आडवी पट्टी गुंडाळा.

गिळल्याची शंका जरी आली तरी थेट एक्स-रे असलेलं रुग्णालय, आणि पोहोचल्याबरोबर 'बटण सेल' हा शब्द उच्चारा. फिल्मवर तो नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ असतं. उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका. अपवाद एकच: मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मि.लि.) मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणायला म्हणून दुकानात थांबायचं नाही. नाकात घातलेला सेलही तितकाच तातडीचा.

डासांच्या लिक्विडची बाटली मशिनसकट वरच्या सॉकेटला. ते प्यायल्यावर उलटी करवली तर द्रव फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून तीही नाही.

वैदर्भी

कूलरचं कोणीच लिहिलं नाही! पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, शेजारी उघड्या पायांचं मूल. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन पाण्यात राहून कुजतं, करंट टाकीत उतरतो आणि अख्खा पत्रा जिवंत होतो. बऱ्याच कूलरला दोनच पिनचा प्लग असतो किंवा हिरवी (अर्थिंगची) वायर कापून टाकलेली असते.

मोसमाच्या आधी हे करा. तीन कोअरची वायर आणि तीन पिनचा प्लग. हिरव्या वायरीला लग (टोकाला बसवायची धातूची कडी) लावून ती बॉडीला नट-बोल्टने कसायची, आणि त्या जागचा रंग पॉलिशपेपरने खरवडून पत्रा उघडा करायचा. रंगावर कसलेली अर्थिंग नावालाच. पंपाचा जॉइंट पाण्याच्या पातळीच्या वर आणि टाकीच्या बाहेर. भिंतीतलं अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनकडून तपासा. तो फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघतो. आरसीसीबी असेल तर ती त्याच क्षणी पडायला हवी. पाणी भरताना प्लग काढून, नुसतं बटण बंद करून नाही. मागच्या-बाजूच्या गवताच्या जाळ्या मूल हाताने उचकटू शकतं आणि आत पंखा असतो, तेव्हा जाळीला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारा.

बादलीतला रॉडही त्याच जातीचा. मूल घरात असेपर्यंत तो बंद. गीझरचा थर्मोस्टॅट ५० च्या खाली ठेवा. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं, मुलाची कातडी त्याहून पातळ.

चिकटपट्टी

ट्रॉली-ड्रॉवरचे चिकटवायचे लॉक पावसाळ्यात गळून पडतात, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेक वेळा पट्टीचा नसतो. स्वयंपाकघरातल्या सनमायकावर तेलाचा थर असतो. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा, पट्टी अर्धा मिनिट जोराने दाबा आणि दिवसभर लॉकला हात लावू नका. ऑइल बाउंड रंगाच्या भिंतीवर चिकटवू नका, रंगासकट निघतं.

लपलेला मॅग्नेटिक लॉक जास्त टिकतो, कारण आतून स्क्रूने बसतो. १८ मि.मी. प्लायमधून चावी काम करते. स्टीलच्या शटरवर करत नाही, चुंबक पत्र्यालाच चिकटतो. चावी फ्रिजवर लावू नका, खुर्ची ओढली की हाताशी येते.

रंधा

बॉक्स बेड राहिला. हायड्रॉलिक शॉक अप्सॉर्बर दोन्ही बाजूंचे सारखे धरतात का बघा. एक थकला की झाकण तिरकं खाली येतं आणि बोटं चिरडतात. अर्ध्यावर सोडून बघा: जागीच राहिलं तर ठीक, स्वतःहून उतरायला लागलं तर दोन्ही बदला, एक नाही. मूल आत शिरून झाकण पडलं तर हवा नाही, म्हणून डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळीत २५ मि.मी.ची चार-चार भोकं पाडा, आणि वरून साधी कडी.

उंबरठा

दारांचं थोडक्यात. बाथरूमच्या दाराची खालची कडी काढून टाका, वरची पाच फुटांवर. मूल आतून कडी लावतं, ती काढायचं मात्र त्याला जमत नाही. मुख्य दाराला ओढताच लागणारं लॅच असेल तर एक चावी शेजाऱ्यांकडे हवीच, कारण तुम्ही कचरा टाकायला बाहेर आणि दार आतून ओढलेलं, हे होणारच. फोमचा 'सी' आकाराचा अडकवा दाराच्या वरच्या कडेला घाला. खाली घातला तर मूल चावून तुकडे काढतं. बिजागरीच्या बाजूची फट मात्र त्याने झाकली जात नाही, तिथे पूर्ण उंचीची लवचीक पट्टी लागते.

तीनपिनी

डास मारायच्या बॅटबद्दल एक. स्वस्त बॅटमध्ये चार्जिंगचं सर्किट मेनपासून वेगळं केलेलं नसतं, त्यामुळे सॉकेटला लावलेली असताना जाळीलाही हात लावायचा नाही. आणि बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने जाळ्या एकमेकींना टेकवून तो काढा, मग बॅट खिळ्याला टांगा, पाच फुटांच्या वर.