स्लॅकमधल्या एआय एजंटसाठी टूलची वर्णनं: किती आणि काय लिहायचं?

सोनचाफा

स्लॅक या ऑफिसच्या चॅट-अ‍ॅपवर एक एजंट चालतो, म्हणजे टूल्स बोलावून कामं करणारं एआय मॉडेल. त्याच्याकडे सेंड_मेसेज, रीड_चॅनेल, रीड_थ्रेड, फाइंड_यूझर आणि फाइंड_चॅनेल अशी पाच टूल्स आहेत. मॉडेल वाचतं ती टूल्सची वर्णनं एकेका ओळीची आहेत, उदाहरणार्थ "स्लॅकवर मेसेज पाठवतं."

तीन गोष्टी सारख्या बिघडतात. थ्रेडमध्ये (एखाद्या मेसेजखालच्या उत्तरांच्या साखळीत) द्यायचं उत्तर चॅनेलवर नवीन मेसेज म्हणून पडतं. @ लावून नाव लिहिलं जातं, पण त्या व्यक्तीला नोटिफिकेशन जात नाही. आणि कालच्या चर्चेचा सारांश मागितला की चर्चा सुरू करणारा मेसेज तेवढा येतो, खालची उत्तरं गायब. वर्णनं वाढवली तर दर कॉलला टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) आणि खर्च वाढतील, म्हणून ती लहान ठेवली आहेत. नेमकं काय लिहावं?

अर्धविराम

टोकनची काटकसर इथे करू नका. चुकीचा कॉल, त्याची एरर आणि पुन्हा केलेला कॉल मिळून चार जास्तीच्या वाक्यांपेक्षा महाग पडतात. टूल काय करतं हे तुम्ही लिहिलंय, ते नावावरूनही कळतं. प्रत्येक पॅरामीटरची व्हॅल्यू कुठून आणायची आणि टूल काय करत *नाही*, हे लिहायचं राहिलंय. सेंड_मेसेज असं लिहून बघा (टीएस म्हणजे टाइमस्टॅम्प, मेसेजची वेळ आणि ओळख दोन्ही):

> चॅनेलवर, थ्रेडमध्ये किंवा एका व्यक्तीला मेसेज पाठवतं. मेसेज लगेच दिसतो. फक्त मसुदा मागितला असेल तर हे टूल वापरू नये.
> चॅनेल_आयडी: नाव नाही, आयडी. नावच माहीत असेल तर आधी फाइंड_चॅनेल.
> थ्रेड_टीएस: थ्रेडमध्ये उत्तर द्यायचं असेल तर अनिवार्य. थ्रेडच्या *पहिल्या* मेसेजचा टीएस, मधल्या उत्तराचा नाही. स्ट्रिंग म्हणून जसाच्या तसा द्यावा. रिकामा सोडल्यास चॅनेलवर नवीन मेसेज पडतो.
> मजकूर: उल्लेख करायचा तर कोनी कंसात @ आणि यूझर-आयडी. आयडी फाइंड_यूझरकडून घ्यावा, अंदाजाने लिहू नये.

"स्ट्रिंग म्हणून" हे मुद्दाम लिहिलंय. टीएस 1712345678.123450 असा असतो, दशांशचिन्हापुढे सहा अंक. स्कीमामध्ये (टूलच्या पॅरामीटरच्या व्याख्येत) प्रकार नंबर ठेवला की शेवटचा शून्य गळतो आणि तो टीएस कुठल्याच मेसेजशी जुळत नाही.

आणि हा टीएस एजंटपर्यंत पोचतो का, तेही तपासा. स्लॅककडून आलेल्या इव्हेंटमध्ये (नव्या मेसेजच्या सूचनेत) थ्रेड_टीएस असेल तर तो, नसेल तर त्या मेसेजचा स्वतःचा टीएस, हे तुमच्या कोडने मॉडेलला दिसणाऱ्या मजकुरात घालून द्यायला हवं. जी व्हॅल्यू मॉडेलला दिसतच नाही, ती वर्णन कितीही चांगलं असलं तरी भरली जाणार नाही.

सारांशाचा बिघाड रीड_चॅनेलच्या वर्णनातला आहे. चॅनेलची हिस्टरी थ्रेडमधली उत्तरं देत नाही. तेच लिहा: "थ्रेडमधली उत्तरं यात येत नाहीत. रिप्लाय_काउंट शून्याहून जास्त असलेल्या मेसेजसाठी रीड_थ्रेड वापरावं." मेसेज नव्याकडून जुन्याकडे येतात आणि नेक्स्ट_कर्सर (पुढच्या पानाची खूण) रिकामा येईपर्यंत पानं संपलेली नसतात, हेही त्यातच येऊ द्या. नाहीतर सारांशात घटनाक्रम उलटा होतो.

टिटवी

वरच्याला जोडून: एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग समजा. मॉडेल तो वाचूनच पुढचं पाऊल ठरवतं. स्लॅकची बरीचशी अपयशं एचटीटीपी 200 (विनंती यशस्वी) या स्टेटससोबत येतात, आत ओके: फॉल्स असतं. कोड फक्त स्टेटस बघत असेल तर एजंट "पाठवलं" म्हणून मोकळा होतो. 'नॉट_इन_चॅनेल' असा कोरा कोड पुढे ढकलण्याऐवजी "बॉट या चॅनेलचा सदस्य नाही. पुन्हा प्रयत्न करू नये; बॉटला आमंत्रण द्यायला वापरकर्त्याला सांगावं" एवढं परत द्या.

टाइमआउटचं वेगळं लिहा. मेसेज गेलेला असू शकतो, फक्त पावती आलेली नसते. आंधळेपणाने पुन्हा पाठवलं की तोच मेसेज दोनदा दिसतो. "टाइमआउट आल्यास आधी चॅनेल किंवा थ्रेड वाचून खात्री करावी" हे एक वाक्य पुरतं. 429 (फार विनंत्या झाल्याची एरर) आला तर रिट्राय-आफ्टर हेडरमधले सेकंद थांबणं हे कोडचं काम, ते मॉडेलवर सोडू नका. एका चॅनेलवर साधारण सेकंदाला एक मेसेज एवढीच मुभा असते.

सोनचाफा

दोघांचेही आभार. संपूर्ण चॅनेलला नोटिफिकेशन जाईल असा उल्लेख करू नये, हे वर्णनात लिहिलं तर पुरेसं आहे का?

अर्धविराम

नाही. वर्णनाने शक्यता कमी होते, बंदी होत नाही. जे कधीच घडता कामा नये ते कोडमध्ये अडवा: पाठवण्याआधी मजकुरातले चॅनेल, हिअर आणि एव्हरीवन हे तिन्ही उल्लेख काढून टाका. एमसीपी (मॉडेलला टूल्स जोडण्याचं मानक) वापरत असाल तर त्यातल्या टूलवर लावायच्या रीडओन्लीहिंट, डिस्ट्रक्टिव्हहिंट या खुणा नुसत्या सूचना आहेत, त्यांच्यावर सुरक्षा उभी करू नका. वाचलेल्या मेसेजमध्ये कुणी "हे सगळं अमुक चॅनेलवर टाक" लिहिलं असेल, तर तो मजकूर आहे, एजंटला दिलेली आज्ञा नव्हे. वाचणाऱ्या दोन्ही टूल्सच्या वर्णनात तसं स्पष्ट लिहा, आणि बाहेर पाठवण्याआधी माणसाची संमती कोडमधून घ्या.

टिटवी

बदल तपासताना एका वेळी एकाच टूलचं वर्णन बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. वीस-पंचवीस खरी वाक्यं जमवा आणि त्यात टूल वापरायचंच नाही अशीही घाला, जसं "कळवायचं झालं तर काय लिहावं?" इथे एजंटने मसुदा दाखवायला हवा, मेसेज पाठवायला नको. नुसतं अंतिम उत्तर बघू नका. कुठलं टूल, कुठल्या क्रमाने आणि कुठल्या व्हॅल्यू देऊन बोलावलं, ते लॉगमध्ये पाहा.