'सिंक'ला मराठीत काय म्हणावं?

रामबागकर: मंडळाच्या हिशेबाची फाईल तीन कॉम्प्युटरवर कशी चालते, त्याच्या सूचना मराठीत लिहितेय. 'सिंक'ला (म्हणजे सगळीकडची फाईल आपोआप सारखी होणं) 'समकालन' सुचवतात, हिंदीवाले 'तुल्यकालन'. हे वाचून आमचे खजिनदार फाईल उघडायचेच नाहीत. साधा शब्द आहे का?

मालवी मराठी: ताई, दोन्हींत 'काल' आहे आणि इथे एका वेळी काही घडावं लागत नाही. घरचा लॅपटॉप बंद असला तरी ऑफिसातला बदल क्लाउडवर जाऊन थांबतो. लॅपटॉपला नेट मिळालं की खाली उतरतो. बऱ्याच सेवा फाईलचे तुकडे करून प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढतात (ड्रॉपबॉक्सचे तुकडे ४ एमबीपर्यंतचे) आणि सर्व्हरकडे नसतील तेवढेच पाठवतात. दोन्हीकडच्या नोंदी ताडायच्या, फरक तेवढा भरायचा. हिशेबात याला 'मेळ घालणे' म्हणतातच की.

सियागंजवाला: कागदावर छान. पण इंदुरात 'ळ' टिकतो कुठे? दुकानातल्या पोराला 'मेळ घातला का' विचारलं तर तो 'मेल' ऐकून इनबॉक्स उघडेल.

रामबागकर: अगदी! बरं, 'कॉन्फ्लिक्ट'ला काय?

मालवी मराठी: 'मेळ बसला नाही.' समजा नेट नसताना तुम्ही एका सभासदाची वर्गणी ५०१ लिहिलीत आणि खजिनदारांनी त्यांच्याकडे त्याच ओळीत ५५१. नेट आल्यावर ड्रॉपबॉक्स कोण खरं ते ठरवत बसत नाही. एक प्रत मूळ नावानं राहते, दुसरीच्या नावाला 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं शेपूट लागतं. पुढे पावतीपुस्तक काढून तुम्हीच बघायचं. गूगल शीटमध्ये दोघं एकदम टाइप करतात ते प्रकरण निराळं, तिथे एकेक बदल सुटा जातो.

जुना अनुवादक: काहीही लिहा, पण 'जतन' किंवा 'साठवण' नको. लोक त्याला बॅकअप समजतात. एकानं यादी डिलीट केली की तोही बदलच, सगळीकडून जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस सापडेल, नंतर तिथूनही गेली.

रामबागकर: मग असं लिहिते: 'फाईल सिंक होऊ द्या, म्हणजे दोन्हीकडचा मेळ बसेल, मगच लॅपटॉप मिटा.' डिलीटचं वेगळ्या ओळीत, ठळक.

सियागंजवाला: चालेल. फक्त 'सिंक मारा' नको, आमच्याकडे सर्रास चालतं ते.