उत्खननातले मध्ययुगीन अवशेष आणि शहरी उद्याने: आपले अनुभव

शहरात उत्खनन होऊन मध्ययुगीन अवशेष वर आले आणि त्यांभोवती उद्यान झाले, तर अवशेष टिकतात. पण पाहणाऱ्याला ते उमगतात का? अशा ठिकाणी वावरलेल्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

पहिला अनुभव
नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील मध्ययुगीन उद्यानात मी अनेकदा गेले आहे. १६२४ च्या आगीनंतर डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा ख्रिश्चन (हे त्याचे नाव) याने नगर आकेर्सहुस किल्ल्यालगत हलवले आणि जुन्या नगराच्या काही भागावर पुढे रेल्वेचे रूळ पडले. आज तेथे राजवाडा, संत क्लेमेंटचे चर्च आणि पाचवा हाकोन राजा व राणी यूफेमिया यांचे मूळ दफनस्थान असलेले मेरी चर्च यांचे अवशेष हिरवळीत दिसतात. मला सर्वांत मोलाचे वाटते ते तेथील कृत्रिम तळे. हिमयुगानंतर तिकडची जमीन सावकाश उचलली जात आहे, शिवाय भरावही पडला, त्यामुळे समुद्र दूर गेला; तळे मात्र जुन्या किनाऱ्याची जागा दाखवते आणि राजवाडा पाण्याकाठी होता, हे पाटी न वाचताही कळते.

दुसरा अनुभव
त्याच उद्यानाखालून फॉलो रेल्वेमार्ग गेला आहे. त्यासाठी पुन्हा उत्खनन झाले, म्हणजे हिरवळीखालचे नगर अजून संपलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तिसरा अनुभव
दिल्लीच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात दिल्लीचा सुलतान बलबन याच्या कबरीचे छत उरलेले नाही, तरी भारतातील खऱ्या (म्हणजे पाचरीसारखे दगड एकमेकांत बसवून केलेल्या) कमानीच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक तेथे उभे आहे. शेजारी उत्खननात उघड झालेल्या घरांच्या भिंतींवर मात्र लोक सर्रास बसतात. थोरांच्या कबरी जपाव्यात आणि सामान्यांची घरे बाकासारखी वापरावीत, हे मला पटत नाही.

चौथा अनुभव
मी संवर्धनाच्या कामात आहे. उघड्या भिंतीला खरा धोका माथ्याकडून असतो. तेथून पाणी मुरते, थंड प्रदेशात गोठून फुगते आणि चुन्याचे सांधे फोडते. वरून सिमेंट थापले तर ओल आत कोंडते व दगडच झिजतो. म्हणून चुन्याचाच गिलावा किंवा गवताचा थर देऊन माथा झाकणे बरे. ज्या भिंतींची निगा राखणे शक्य नाही, त्या नोंदी करून पुन्हा मातीखाली झाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीवर वेगळ्या रंगाच्या फरसबंदीने त्यांची रेषा दाखवता येते.