आयटीआयचं कौतुक सगळ्यांना, पण स्वतःच्या मुलाला कोण घालतं?

भोसरीकर: दहावीला ७८ टक्के मिळवलेल्या भाच्याला फिटर ट्रेड घ्यायचाय आणि घरात सुतक लागल्यासारखं वातावरण आहे. माझं म्हणणं, जाऊ द्या. इंजिनीअरिंग करून पोरं एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलीत. फिटर दोन वर्षांत कामाला लागतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटचा अर्ज आयटीआयवर भरता येतो, नुसत्या बीएवर नाही.

सेकंड शिफ्ट: दादा, कंपनीच्या गेटच्या आत येऊन बघा. परमनंट किती आणि कॉन्ट्रॅक्टवर किती? २०१९च्या नियमांत अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला महिना ७,००० आणि पदवीधराला ९,००० ठरलं. फरक सरकारनेच लिहून दिला, मग घरच्यांना कशाला नावं ठेवता? वर्ष संपलं की "पुढे बघू", आणि त्याच मशीनवर नवी बॅच.

मीनल: लग्नाचं कुणी बोलतच नाहीये. माझा भाऊ वायरमन, परवाना आहे, स्वतःची कामं घेतो. बायोडाटात आयटीआय वाचलं की स्थळवाले परत फोन करत नसत. मुक्त विद्यापीठातून बीए केलं आणि पोहे खायला माणसं यायला लागली! काम तेच, कमाई तीच. बीएत काय शिकला ते एकानेही विचारलं नाही.

भोसरीकर: ताई, म्हणूनच तर आधी आपण बदलायचं. जर्मनीत 'माइस्टर' म्हणजे उस्तादाची परीक्षा पास झालेला कारागीर तिथल्या पात्रता आराखड्यात बॅचलर पदवीच्याच पातळीवर, सहाव्या, धरतात. महाराष्ट्राने २०२४मध्ये कुशल कामगार पाठवायला तिथल्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करारही केलाय.

रंधा: आमचे आजोबा सुतार. "माझ्या पोराच्या हाती रंधा नको" म्हणून त्यांनी वडिलांना कॉलेजात घातलं. घरातली पहिली पदवी ती. आता ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत ते आम्हाला श्रमाची प्रतिष्ठा सांगतात. तुमचा भाचा जाऊ दे भोसरीकर, तुमचा मुलगा काय करतो?

भोसरीकर: कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, दुसरं वर्ष. त्याला त्यातच रस आहे.

सेकंड शिफ्ट: 😄 आणि जर्मनीत प्लंबर व्हायला साडेतीन वर्षं लागतात, तीही कंपनीच्या पगारावर. ते इथे आणा, मी स्वतः पोराला फिटरला घालतो.