हॉप्सच्या तक्त्यातली ‘60 मिनिटं’ : झालेली की उरलेली?

पातेलंवाला
मंडळी एक शब्द हवाय. मी इकडे अमेरिकेत घरच्या घरी बिअर करतो (इथे चालतं, 1978 ला राष्ट्राध्यक्ष कार्टरने सही केली तेव्हापासून, महाराष्ट्रात परवान्याशिवाय चालत नाही, तेव्हा वाचून कुणी पातेलं चढवू नका). आता मेहुणापण नादाला लागलाय, इथेच राहतो, त्याला मराठीत टिपणं काढून देतोय आणि हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) तक्त्यापाशी अडकलोय. पुस्तकात साधारण असं असतं: 60 मिनिटं मॅग्नम 14 ग्रॅम, 15 मिनिटं कॅस्केड 28 ग्रॅम, 0 मिनिटं सिट्रा 57 ग्रॅम, 19 लिटरला (मॅग्नम, कॅस्केड, सिट्रा या हॉप्सच्या जाती). पहिल्या खेपेला मला वाटलं 0 म्हणजे सुरुवात, दुसरं काय वाटणार! उकळी फुटल्या फुटल्या सगळा सिट्रा ओतला, आणि तासाभराने गॅस बंद करताना मॅग्नम. महिन्याभराने बाटली उघडली तर कारल्याचा काढा, वास नावाला नाही. बायकोने एक घोट घेतला, ग्लास सिंकपाशी नेऊन ठेवला आणि काही बोलली नाही. नंतर कडूपणा काढायच्या टिन्सेथच्या सूत्राने हिशोब मांडला तर 32 आयबीयूच्या (कडूपणाचं माप) जागी शंभरच्या आसपास गेलो होतो.
तर 60 म्हणजे उकळी संपायला 60 मिनिटं उरलेली असताना. याला सुटसुटीत शब्द काय? ‘उलटी मिनिटं’ लिहिलं तर मेहुणा हसतोय.

आलं_गवतीचहा
उलटी नको हो, बिअरच्या संदर्भात तर नकोच 😄
पण मला वाटतं घोळ शब्दाचा नाही. पुस्तकवाला घड्याळ सांगतच नाहीये, तो हॉप किती वेळ शिजणार ते सांगतोय. चहाचंच बघा, आलं ठेचून आधी टाकतो, चांगलं उकळू देतो, गवती चहा मात्र शेवटी टाकून झाकण, नाहीतर सगळा वास स्वयंपाकघरात आणि कपात नुसतं पाणी. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळल्याशिवाय नीट कडू होत नाहीत आणि विरघळत नाहीत, आणि वासाची तेलं उकळीत उडून जातात. म्हणून एकच फूल 60 ला टाकलं तर कडू, 0 ला टाकलं तर वास.

जुनी_पाटी
मग ‘कढ’ घ्या की. आपल्याकडे आहेच, दोन कढ येऊ द्या म्हणतोच आपण. कढ 60, कढ 15, कढ 0. कढ 0 म्हटलं की आपोआप कळतं की गॅस बंद.

पातेलंवाला
वा, कढ आवडला! पण ताई पुढची गंमत ऐका. त्याच तक्त्यात खाली ‘व्हर्लपूल 20 मिनिटं’ असतं, म्हणजे गॅस बंद करून, 80 अंशांपर्यंत उतरवून, पळीने गरागरा भोवरा करायचा आणि त्यात हॉप्स 20 मिनिटं ठेवायचे. इथे मिनिटं सुलटी! आणि त्याच्याखाली ‘ड्राय हॉप 4 दिवस’, हे काहींच्यात चार दिवस ठेवा आणि काहींच्यात चौथ्या दिवशी टाका. एकाच रकान्यात तीन घड्याळं, आणि छापणाऱ्याला त्याचं काही नाही.

आलं_गवतीचहा
ड्राय कसं पण? बिअरमध्येच टाकतात ना?

पातेलंवाला
बिअरमध्येच, आंबून होत आल्यावर, न उकळता. मेहुण्याने पण हेच विचारलं, कोरडी चटणी असते तसं काही का म्हणून. त्यात ‘ड्राय बिअर’ म्हणजे गोडी न उरलेली, तिचा याच्याशी संबंध नाही, आणि ‘वेट हॉप’ म्हणजे वेलीवरून काढलेले न वाळवलेले ताजे, तेही याच्या उलट नाही. शब्दशः ‘कोरडे हॉप’ लिहिलं की मेलो.

जुनी_पाटी
‘मुरत’ लिहा. भोवऱ्याला ‘गरम मुरत 20 मिनिटं’, ड्रायला ‘गार मुरत 4 दिवस’, आणि तारखा लिहा, कधी घातलं कधी काढलं. लोणच्याच्या बरणीवर आई तेच करायची.

कॅस्केडप्रेमी
मधेच घुसतोय. मिनिटांइतकीच फसवाफसवी ग्रॅममध्ये आहे. कॅस्केड 1972 चा, अल्फा साधारण 5 ते 7 टक्के, सिट्रा 11 ते 13, मग नुसतं 28 ग्रॅम म्हणून कळणार काय? म्हणून काही पुस्तकं एएयू देतात, काही एचबीयू, दोन्ही एकच, औंस गुणिले अल्फा टक्के. त्यात किती वेळ उकळलं ते येत नाही, फक्त पातेल्यात टाकलं किती ते. आयबीयू वेगळं, लिटरमागे एक मिलिग्रॅम कडूपणा, बिअरमध्ये खरंच उतरलेला. मला तर पुस्तकाने टक्का छापलेला नसेल तर ती पाककृती अर्धवटच वाटते. आणि छापलेला असला तरी पाकिटावरचा बघा, दरसालच्या पिकाला बदलतो.

पातेलंवाला
बरोबर, टक्क्याचा रकाना वाढवतो. म्हणजे आता कढ, गरम मुरत, गार मुरत, टक्का. राहिला ‘हॉपी’, म्हणजे हॉप्स ठळक जाणवणारी बिअर. मी ‘कडसर’ लिहिलं होतं, पण हल्लीच्या गढूळ आयपीएमध्ये (भरपूर हॉप्सवाला बिअरचा प्रकार) कढ 60 चा रकाना पुष्कळदा रिकामाच असतो, सगळे हॉप्स मुरतीत, कडू कमी आणि वास आंब्यासंत्र्याचा. तिला कडसर कसं म्हणू?

आलं_गवतीचहा
‘हॉपदार’? चवदारसारखं.

जुनी_पाटी
ऐकायला बैलाचं नाव वाटतंय. हॉपीच ठेवा.