वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, आता ग्रंथालयांची जाळी हवीत कशाला?

कपाटकिल्ली: "१ जानेवारी २०२५ पासून सगळं एका वर्गणीत मिळतंय, डेलनेटला पैसे भरणं म्हणजे चुराडा," ही पोस्ट वाचून राहवलं नाही. डेलनेट म्हणजे एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांचं जाळं. अहो, वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं आहेत, तीही सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. तालुक्याच्या वाचनालयाचा संबंध काय? १९६० चं मराठी चरित्र एल्सेव्हियरसारखा नियतकालिकांचा प्रकाशक देणार का?

वाळवी: मुंबईचं बोनेट, पुण्याचं पुणेनेट ही ग्रंथालयांची जाळी आठवतात? निसॅटचा, म्हणजे केंद्राच्या माहिती-योजनेचा, पैसा आटला, कारभार आटोपला. पुन्हा तेच करायचंय?

कपाटकिल्ली: डेलनेटलाही सुरुवातीला निसॅटचाच पैसा होता. १९९२ ला स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली, सभासद वर्गणी देतात, म्हणून टिकलं.

वाळवी: टिकलं असेल. पण संयुक्त तालिकेत, म्हणजे सगळ्या ग्रंथालयांच्या एकत्रित यादीत, पुस्तक 'उपलब्ध' दिसतं, मागणी पाठवली की उत्तर येतं 'गहाळ'. त्याचं काय?

तिसरा रॅक: कारण महिन्याला एकदा एक्सेल पाठवतात! कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमधून रोज रात्री बदललेल्या नोंदी ओएआय-पीएमएच या नोंदी उचलण्याच्या पद्धतीने घ्या. कॉन्फिगमध्ये इन्क्लूड आयटेम्स १ करा, नाहीतर ९५२, म्हणजे प्रत्येक प्रतीची माहिती असलेलं क्षेत्र, येतच नाही, मग गहाळ कळणार कुठून? आणि कोहाचं शोधयंत्र झेब्रा सीएचआर या अक्षर-मांडणीवर असेल तर देवनागरी शोध बोंबलतो. युनिकोड समजणारं आयसीयू लावून पूर्ण री-इंडेक्स करा, म्हणजे शोधसूची नव्याने बनवा.

वाळवी: जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन हा पुस्तक-क्रमांकच नाही. ०२० या आयएसबीएनच्या क्षेत्रावर जुळणी लावलीत की एकाच पुस्तकाच्या चार नोंदी. एक रोमन, एक श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली.

तिसरा रॅक: श्रीलिपी आधी युनिकोडमध्ये आणा. जुळणी लेखक, शीर्षक, वर्ष यांवर. रोमन नोंद ठेवायचीच असेल तर मूळ लिपीतला मजकूर ८८० या क्षेत्रात. कुसुमाग्रज या नावाला ४००, म्हणजे 'ते पाहा' अशी खूण, लावून शिरवाडकरांकडे वळवा, विषय संपला.

देय तारीख: संपला कसला! कविता कुसुमाग्रज या नावाने, नाटकं शिरवाडकर या नावाने. दोन्ही नावं अधिकृत, म्हणून ५००, 'हेही पाहा'. ४०० लावणाऱ्यांनीच तालिका नासवल्यात.

तिसरा रॅक: वाचकाला नाटक मिळाल्याशी मतलब, तुमच्या नियमांशी नाही.

देय तारीख: मग तालिका कशाला, कागदाचं बाड ठेवा!

कपाटकिल्ली: भांडा. तोवर पुस्तक पाठवायचा टपालखर्च कोण देणार ते सांगा. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद. पुस्तकांच्या ज्ञान पोस्टला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, वर कर.

वाळवी: मागणाऱ्याने द्यावा, दोन्ही वेळचा. आणि ५०० च बरोबर आहे, तिसऱ्या रॅकची समजूत कुणीतरी काढा.