बी. सी. रॉय अवॉर्डसाठी मॅडमचं नाव कसं पाठवायचं?

नाईटड्युटी:
आमच्या मेडिसिनच्या एचओडी मॅडम पुढच्या वर्षी रिटायर होतायत. मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, स्वतःच्या कानाने ऐकू आल्याशिवाय कोणाला बेडपासून हलू देत नाहीत आणि पेशंटला न विचारता चादर सरकवली की संपलंच, सगळ्या बॅचसमोर त्या पेशंटची माफी मागायला लावतात. आम्ही जुनी-नवी मुलं मिळून त्यांचं नाव बी. सी. रॉय अवॉर्डला पाठवायचं म्हणतोय, त्यात एमिनंट मेडिकल टीचर अशी कॅटेगरी आहे ना? ऑनलाईन पिटिशन काढून सह्या गोळा केल्या तर चालेल का? मॅडमना कळू द्यायचं नाहीये.

जुना_इंटर्न:
कॅटेगरी आहे. 1962 ला डॉ. बिधानचंद्र रॉय गेले, त्याच वर्षी त्यांच्या नावाने एमसीआयने (मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया) हा अवॉर्ड सुरू केला, राष्ट्रपतींच्या हस्ते द्यायचे. 1 जुलैचा डॉक्टर्स डे पण त्यांचाच, जन्म 1 जुलै 1882 आणि गेले तेही 1 जुलैलाच. पुण्याशी पण संबंध आहे बरं का, 1943 ला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचा उपास केला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांत हे होते.

पण पिटिशन वगैरे विसर. सरकारी काम आहे, कागद कॉलेजमार्फतच वर गेलेला बरा. आणि घाई करू नकोस कारण घाई तेही करत नाहीत, 2008, 2009 आणि 2010 चे अवॉर्ड प्रणव मुखर्जींच्या हस्ते दिले ते 2017 ला! मधे 2010 ला एमसीआय बरखास्त करून बोर्ड बसवलेलं, आता तर 2020 पासून तिच्या जागी एनएमसीच (नॅशनल मेडिकल कमिशन) आली. आधी डीन ऑफिसला सर्क्युलर आलंय का विचार, सह्यांचं मग बघू.

नाईटड्युटी:
सात वर्षं?? मॅडम तोपर्यंत नातवंडांच्या छातीला स्टेथो लावून बसतील.

पीएसएम_वाली:
मी आमच्या कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये आहे म्हणून सांगते, "मॅडम खूप छान शिकवतात" यावर कुठलीच कमिटी हलत नाही. काय नवीन सुरू केलं ते लिहा, ओस्की (स्टेशन्स लावून घेतात ती प्रॅक्टिकल परीक्षा) त्यांनी आणली का, लॉगबुक स्वतः तपासतात का, इंटर्नना काय ट्रेनिंग दिलं. 2019 पासून सीबीएमईमध्ये, म्हणजे एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात, एटकॉम आलंय, पेशंटशी कसं बोलायचं-वागायचं ते शिकवायचं, आम्ही त्याच्या स्लाईड्स दाखवतो आणि तुमच्या मॅडम तेच एका चादरीवरून शिकवतायत, हे लिहा ना! स्वीडनच्या कॅरोलिन्स्का मेडिकल युनिव्हर्सिटीचं 50,000 युरोचं प्राईज आहे पण ते मेडिकल एज्युकेशनमधल्या रिसर्चला, वॉर्डात घसा फोडणाऱ्यांना नाही.

सेवाग्रामकर:
जुना_इंटर्न, आगाखानात डॉ. सुशीला नय्यर पण होत्या की, त्या तर तिथे कैदेत होत्या. त्यांनीच 1969 ला सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज काढलं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी गावात कॅम्प करून राहायचं, घरोघरी जायचं हे तिथे केव्हापासून चालू आहे, आणि एनएमसीने फॅमिली अ‍ॅडॉप्शन, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, ते आता आणलं. माझं मत विचाराल तर अवॉर्ड एका माणसाला देण्यापेक्षा अशा पद्धतीला द्यावा, पण पद्धत काही स्टेजवर जाऊन शाल घेऊ शकत नाही त्यामुळे असो. नाव पाठवा तुम्ही.

नाईटड्युटी:
ताई, ते मुद्दे लिहून काढतो. पण मॅडमना न सांगता त्यांचा बायोडाटा कुठून आणू? पेपर्स, कुठे कुठे किती वर्षं शिकवलं, काहीच माहीत नाही.

पीएसएम_वाली:
इन्स्पेक्शनला प्रत्येक फॅकल्टीने डिक्लरेशन फॉर्म भरलेला असतो, त्यात डिग्रीपासून प्रमोशनच्या तारखांपर्यंत सगळं असतं. कॉपी डिपार्टमेंटच्या क्लार्ककडे असते पण ती तुम्हा पोरांना द्यायची नाहीत, एखाद्या असोसिएट सरांना पुढे करा. आणि चहा सांगून मग विषय काढा.